राज्य बोलावते तेव्हा

ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेचे ५१ वे कलम म्हणजे केंद्रीय संसदेच्या अधिकारांची यादी. त्या यादीत स्थलांतर हा विषय आहे. १९०१ साली सहा वसाहती एकत्र येऊन देश झाला, तेव्हापासून परदेशातून कोणाला येऊ द्यायचे याबाबत शेवटचा शब्द केंद्राचा. व्हिसा देते केंद्र आणि नाकारतेही केंद्रच. तरीही पुण्यातला एखादा मेकॅनिकल इंजिनिअर किंवा नाशिकची एखादी परिचारिका आज ऑस्ट्रेलियाला जायचे ठरवते, तेव्हा त्यांचे डोळे लागलेले असतात ते ॲडलेड, होबार्ट नाहीतर पर्थमधल्या राज्य सरकारच्या एका कार्यालयाकडे. हे कार्यालय व्हिसा देत नाही. ते केंद्राला एवढेच कळवते की हा माणूस आमच्या राज्याला हवा आहे. याला म्हणतात राज्याचे नामांकन. बोलताना सगळे ‘स्टेट नॉमिनेशन’ म्हणतात.

ही व्यवस्था का जन्माला आली, तिचा हिशेब कसा चालतो आणि ती कुठे अपुरी पडते, हे या प्रकरणात पाहू. परदेशी स्थायिक होऊ पाहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या बोलण्यात नामांकन म्हणजे जादा गुण, एवढाच अर्थ उरला आहे. त्यामागे असलेली गावाची गरज आणि माणसाने दिलेला शब्द नजरेआड होतो, आणि मग चुका होतात त्या तिथेच.

सुरुवात मॅनिटोबात

या कल्पनेचे मूळ पाहायला कॅनडात जावे लागते. तिथल्या १८६७ च्या घटना कायद्यात, ९५ व्या कलमात, शेती आणि स्थलांतर हे दोन विषय जोडीने आले आहेत. दोन्हींवर केंद्राचाही अधिकार आहे आणि प्रांतांचाही. दोघांचे कायदे एकमेकांना छेदले तर केंद्राचा टिकतो. प्रांतांनी हा अधिकार बराच काळ फारसा वापरला नाही. क्विबेकने तो सर्वांत आधी गांभीर्याने घेतला. फ्रेंच भाषा टिकवायची तर येणारा माणूस आपणच निवडला पाहिजे, अशी त्या प्रांताची भूमिका होती. १९७८ आणि १९९१ च्या करारांनी नोकरी-व्यवसायासाठी येणाऱ्यांची निवड क्विबेकच्या हाती आली.

मॅनिटोबा या प्रांताची अडचण वेगळी होती. कॅनडात येणारे बहुतेक लोक टोरांटो, व्हँकुव्हर आणि मॉन्ट्रियल गाठत. विनिपेगच्या कपड्यांच्या कारखान्यांना शिलाई मशीनवर बसणारे कारागीर मिळत नव्हते. विंकलर, स्टाइनबाख यांसारख्या छोट्या गावांतले कारखानदार वेल्डर शोधत होते. केंद्राची गुणपद्धत मात्र पदवीला झुकते माप देणारी होती. तिच्या चाळणीतून वेल्डर किंवा शिलाई कामगार पार होणे कठीण. मग केंद्राशी करार करून मॅनिटोबाने १९९८ साली स्वतःची नामांकन योजना सुरू केली. आपल्याला कोण हवे ते प्रांत सांगेल, केंद्र फक्त आरोग्य, चारित्र्य आणि सुरक्षेची तपासणी करेल, अशी कामाची वाटणी झाली.

विंकलरच्या परिसरात मेनोनाइट पंथाच्या लोकांची जुनी वस्ती आहे. या योजनेतून तिथे जी कुटुंबे आली त्यांत जर्मनीतून आणि लॅटिन अमेरिकेतून आलेली, जर्मन बोलणारी, त्याच परंपरेतली कुटुंबे पुष्कळ होती. गावात चर्च ओळखीचे होते, घरची भाषा कानावर पडत होती, कामाला कारखाना होता. ही माणसे तिथे रुजली. मॅनिटोबाने त्यातून घेतलेला धडा आजही त्याच्या नियमांत दिसतो. परदेशातून थेट अर्ज करणाऱ्याचे नातेवाईक किंवा मित्र मॅनिटोबात आहेत का, तो पूर्वी तिथे शिकला किंवा नोकरीला होता का, हे पाहिले जाते. उलट जवळचा नातेवाईक दुसऱ्या प्रांतात असेल, पूर्वीची नोकरी किंवा शिक्षण दुसऱ्या प्रांतात झाले असेल, तर गुण कापले जातात. ज्याची माणसे दुसरीकडे आहेत तो आज ना उद्या तिकडे जाणार, हे मॅनिटोबाने धरूनच ठेवले आहे.

पुढे क्विबेक आणि नुनावुत सोडून कॅनडाच्या सर्व प्रांतांनी आणि प्रदेशांनी अशा योजना सुरू केल्या. २०१५ पासून केंद्राच्या ‘एक्स्प्रेस एंट्री’ यादीत प्रांताच्या नामांकनाला १,२०० पैकी ६०० गुण मिळू लागले. प्रांताचे नामांकन हाती आले की केंद्राचे निमंत्रण जवळपास नक्की, इतके त्याचे वजन वाढले.

ऑस्ट्रेलियाची वाट

ऑस्ट्रेलियाचे दुखणेही काहीसे असेच होते. नव्वदच्या दशकात नवागतांचा ओघ सिडनीकडे होता. न्यू साउथ वेल्सचे तेव्हाचे प्रीमियर बॉब कार सिडनीवर लोकसंख्येचा ताण येत असल्याचे वारंवार सांगत होते. त्याच काळात साउथ ऑस्ट्रेलियाची चिंता नेमकी उलटी होती. १९९१ साली तिथली स्टेट बँक कोसळली, कामधंदा मंदावला आणि तरुण मुले सिडनी-मेलबर्नचा रस्ता धरू लागली. लोकसंख्या वाढवण्यासाठी त्या राज्याने २००४ साली खास धोरणच जाहीर केले आणि २०५० पर्यंत २० लाखांचे लक्ष्य ठेवले. एकाच देशात एका शहराला माणसे जड झाली होती आणि दुसऱ्याला ती पुरत नव्हती.

१९९६ पासून केंद्र आणि राज्ये यांनी मिळून राज्यांसाठी वेगळ्या योजना आखायला सुरुवात केली. २००४ साली प्रादेशिक भागासाठी तात्पुरता व्हिसा आला. पुढे त्याचे क्रमांक आणि अटी बदलत गेल्या. २०१२ साली ‘स्किलसिलेक्ट’ ही संगणकीय यादी सुरू झाली. इच्छुकाने त्यात आपली माहिती भरायची आणि निमंत्रणाची वाट पाहायची. या माहितीपत्राला सगळे ‘ईओआय’ म्हणतात. त्याची मुदत दोन वर्षांची असते.

आज राज्यांच्या हातात दोन व्हिसांची नामांकने आहेत. पहिला १९० क्रमांकाचा. तो मिळाला की पहिल्या दिवसापासून माणूस कायमचा रहिवासी. दुसरा ४९१ क्रमांकाचा, १६ नोव्हेंबर २०१९ पासून लागू झालेला. हा पाच वर्षांचा तात्पुरता व्हिसा आहे. या काळात प्रादेशिक भागातच राहायचे, तिथेच काम करायचे, तिथेच शिकायचे. किमान तीन वर्षे अशी गेली आणि तीन वर्षांच्या कर आकारणीची कागदपत्रे हाती आली की १९१ क्रमांकाच्या कायमच्या व्हिसासाठी अर्ज करता येतो. त्यासाठी पुन्हा गुण मोजत नाहीत आणि पुन्हा नामांकनही लागत नाही. ४९१ च्या आधीच्या ४८९ व्हिसात दोन वर्षे राहणे आणि एक वर्ष पूर्णवेळ काम करणे पुरेसे होते. म्हणजे काळाच्या ओघात ही गाठ घट्टच होत गेली.

‘प्रादेशिक’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर धुळीचा रस्ता आणि चार घरांचे खेडे येते. प्रत्यक्षात सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन ही तीन महानगरे वगळली तर उरलेला सारा ऑस्ट्रेलिया या व्याख्येत बसतो. २० लाखांहून अधिक वस्तीचे पर्थ त्यात आहे, ॲडलेड आहे, राजधानी कॅनबेराही आहे. मेलबर्नपासून रेल्वेने तासाभरावर असलेले जिलाँगसुद्धा कायद्याच्या दृष्टीने प्रादेशिकच.

गुणांचा हिशेब

आता एक उदाहरण घेऊ. ३३ वर्षांचा मेकॅनिकल इंजिनिअर, लग्न झालेले, भारतात त्याच कामाचा सहा वर्षांचा अनुभव. २५ ते ३२ या वयाला सर्वाधिक म्हणजे ३० गुण असतात. तेहतिसावे लागल्यामुळे याला मिळतात २५. पदवीचे १५. आयेल्ट्स परीक्षेत चारही भागांत ७ असतील तर इंग्रजीचे १०. पाच ते सात वर्षांच्या परदेशातील अनुभवाचे १०. पत्नीला कामचलाऊपेक्षा बरे इंग्रजी येते हे परीक्षेतून सिद्ध केले तर आणखी ५. बेरीज झाली ६५, आणि किमान पात्रताही २०१८ पासून ६५ गुणांचीच आहे.

पात्र ठरलो म्हणजे निमंत्रण आले, असे अनेकांना वाटते. आपल्याकडे बारावीनंतर इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला पात्रतेचे गुण वेगळे आणि कॉलेजचा कट-ऑफ वेगळा असतो, तसेच हे आहे. नामांकनाशिवायच्या १८९ क्रमांकाच्या व्हिसासाठी यादीत वर असलेल्यांना आधी बोलावतात. काठावरचा माणूस दोन वर्षे वाट पाहून यादीतून बाहेर पडतो. राज्याच्या नामांकनाचे महत्त्व इथे कळते. १९० साठी नामांकन मिळाले तर ५ गुण वाढतात आणि आपला इंजिनिअर ७० वर जातो. ४९१ साठी मिळाले तर १५ वाढतात आणि तो पोहोचतो ८० वर. त्याहून मोठी गोष्ट अशी की राज्याने नामांकन दिले की निमंत्रण आपोआप येते, आणि त्यानंतर ६० दिवसांत व्हिसाचा अर्ज भरायचा असतो.

या हिशेबात मराठीलाही जागा आहे. ऑस्ट्रेलियातील भाषांतरकार आणि दुभाषांना मान्यता देणारी ‘नाटी’ ही संस्था सीसीएल नावाची परीक्षा घेते आणि तिच्या भाषांत मराठी आहे. परीक्षेत दोन संवाद ऐकवतात, प्रत्येक सुमारे ३०० शब्दांचा. एक जण इंग्रजी बोलतो, दुसरा मराठी. दवाखाना, शाळेची पालकसभा, भाडेकरार, विमा असे रोजचे विषय असतात. एका वेळी जास्तीत जास्त ३५ शब्द कानावर पडतात आणि परीक्षार्थीने ते लगेच दुसऱ्या भाषेत बोलून दाखवायचे. ९० पैकी ६३ गुण मिळाले आणि दोन्ही संवादांत प्रत्येकी किमान २९ असले की पास. घरी अस्खलित मराठी बोलणारेही इथे अडखळतात, कारण भाडेकरारातील अनामत, विम्याचा दावा, मुलाच्या बोलण्यातील दोषावर उपचार करणारी तज्ज्ञ, हे सारे मराठीत सांगायची सवयच सुटलेली असते. पास झाल्यास मिळतात ५ गुण, म्हणजे १९० साठी अख्ख्या राज्याच्या नामांकनाचे जेवढे, तेवढेच.

गुणांच्या आधी आणखी एक पायरी आहे ती कौशल्य तपासणीची. प्रत्येक व्यवसायासाठी संस्था ठरलेली आहे: अभियंत्यांसाठी इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया, संगणक क्षेत्रासाठी एसीएस, परिचारिकांसाठी ॲनमॅक. अभियंत्याला बहुधा आपल्या कामाचे तीन सविस्तर अहवाल स्वतःच्या शब्दांत लिहावे लागतात. अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन करारात भारत २०१४ पासून असल्यामुळे त्या करारात बसणाऱ्या, भारतातल्या एनबीए या मंडळाची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमाच्या पदवीधरांना ही पायरी सोपी जाते. संगणकवाल्यांसाठी एसीएस अनुभवाची सुरुवातीची वर्षे बऱ्याचदा वजा करते. पाच वर्षे नोकरी केली आणि मोजली तीनच, असे झाले की आधी मांडलेला सारा हिशेब बदलतो.

राज्य काय पाहते

केंद्र दरवर्षी प्रत्येक राज्याला कोटा ठरवून देते. २०२४-२५ साली आठ राज्ये आणि प्रदेश मिळून २६,२६० नामांकने होती: १९० साठी १६,५०० आणि ४९१ साठी ९,७६०. न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलिया यांना प्रत्येकी ५,०००. साउथ ऑस्ट्रेलियाला ३,८००. छोट्या टास्मानियाला २,८६०. टास्मानियाच्या अनेक पट लोकसंख्या असलेल्या क्वीन्सलँडला मात्र फक्त १,२००. कोट्याचा लोकसंख्येशी सरळ संबंध नाही, हे या आकड्यांतून दिसते. कोटा दरवर्षी बदलतोही. २०२२-२३ मध्ये कोरोनानंतरची टंचाई भरून काढायला तो सैल सोडला होता. पुढच्याच वर्षी मोठ्या राज्यांचा निम्म्याहून खाली आला.

हातात जागा थोड्या आणि इच्छुक भरपूर, म्हणून प्रत्येक राज्याने आपली चाळणी तयार केली आहे. कॅनबेरात ‘कॅनबेरा मॅट्रिक्स’ नावाची स्वतंत्र गुणपद्धत आहे; तिथे आधीपासून राहणाऱ्याला, नोकरी करणाऱ्याला जास्त गुण. टास्मानियाने अर्जदाराच्या जमेच्या बाजूंना सोनेरी, हिरवा, नारिंगी असे रंग दिले आहेत आणि सोनेरीवाले पुढे जातात. बहुतेक ठिकाणी परिचारिका, शिक्षक आणि बांधकामाच्या कारागिरांना पसंती असते. सुतार, इलेक्ट्रिशियन, प्लंबर ही कामे आपल्याकडे पदवीपेक्षा खालची मानली जातात. तिकडे मात्र ती राज्यांच्या प्राधान्याच्या यादीत आहेत. भारतातून थेट अर्ज करणाऱ्यापेक्षा राज्यात आधीच राहणाऱ्याला झुकते माप मिळते, ही गेल्या काही वर्षांतली स्पष्ट दिशा आहे.

केंद्राची गुणपद्धत माणसाचे वय, पदवी, अनुभव पाहते. राज्य त्यापलीकडचा प्रश्न विचारते: हा माणूस आमच्याकडे का येईल आणि आला तर राहील का?

माणूस राहतो कशाने

इथे या व्यवस्थेची मर्यादा दिसते. कॅनडाच्या १९८२ च्या हक्कांच्या सनदेचे सहावे कलम नागरिकांना आणि कायमच्या रहिवाशांना कोणत्याही प्रांतात राहण्याची, पोट भरण्याची मोकळीक देते. प्रांताने नामांकन दिलेला माणूस कायमचा रहिवासी होऊन उतरला की दुसऱ्या दिवशी टोरांटोला जाऊ शकतो. अर्ज करताना प्रांतात राहण्याचा हेतू प्रामाणिक हवा. एरवी प्रांत त्याला थांबवू शकत नाही. अटलांटिक किनाऱ्यावरच्या प्रांतांना याचा फटका बसला आणि प्रिन्स एडवर्ड आयलंडमध्ये नवागत टिकण्याचे प्रमाण फार कमी राहिले.

ऑस्ट्रेलियाने यावर तात्पुरत्या व्हिसाचा उपाय काढला. ४९१ वाल्याने अट मोडली तर व्हिसा आणि पुढचा कायमचा रहिवास दोन्ही धोक्यात येतात. १९० च्या बाबतीत अर्जदार दोन वर्षे राज्यात राहीन असे लिहून देतो, पण व्हिसावर तशी अट नसते. तो शब्द असतो.

माझ्या मते अटीचा जोर तीन वर्षांपुरताच असतो. त्यानंतर माणूस राहतो तो काम, मुलांची शाळा आणि आपली माणसे यांमुळे. नामांकन देणारी राज्ये निवडीवर जितकी मेहनत घेतात तितकी आलेल्या माणसाला त्याच्या विद्येचे काम मिळवून देण्यावर घेत नाहीत, हा या योजनेतला खरा दोष आहे. इंजिनिअर म्हणून निवडलेला माणूस गोदामात पाळी करत असेल, तर राज्याने इंजिनिअर मिळवला असे म्हणता येणार नाही. विंकलरमध्ये योजना फळली ती तिथे कामही होते आणि समाजही होता म्हणून.

केंद्राचा कल फिरला की राज्यांची योजनाही डळमळते. कॅनडाने २०२४ साली प्रांतीय नामांकनातून १,१०,००० लोकांचे उद्दिष्ट ठेवले होते. २०२५ साठी ते ५५,००० वर आणले. घरांची टंचाई आणि वाढती भाडी यांनी तिथले लोकमत बदलले आणि प्रांतांचा कोटा कापला गेला. वाट पाहणाऱ्या हजारोंचा आराखडा त्या एका घोषणेने बदलला.

अर्ज करण्यापूर्वी

ज्या घरात असा विचार चालू आहे, त्यांच्यासाठी काही गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. नामांकन म्हणजे व्हिसा नव्हे. ते मिळाल्यावरही केंद्र प्रत्येक कागद तपासते, आणि दाखवलेले गुण सिद्ध झाले नाहीत तर अर्ज फेटाळते. खोटे अनुभवपत्र सापडले तर साधारण तीन वर्षे दार बंद होते. कोणत्याही एजंटाच्या खिशात राज्याचा कोटा नसतो. ‘नामांकन नक्की करून देतो’ म्हणणाऱ्यापासून दूर राहावे. सल्ला घ्यायचाच तर ऑस्ट्रेलियात नोंदणी असलेल्या सल्लागाराचा घ्यावा. त्याचा नोंदणी क्रमांक सरकारी यादीत तपासता येतो. वयाचे गुण निमंत्रणाच्या दिवशी मोजतात. चाळिसाव्या वाढदिवसाला २५ चे १५ होतात, हे डोक्यात ठेवून आखणी करावी. इथले कोट्याचे आकडे २०२४-२५ चे आहेत. ऑस्ट्रेलियाचे स्थलांतराचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि त्यानंतर राज्ये आपले नियम नव्याने जाहीर करतात, म्हणून त्या वर्षीचे नियम राज्याच्या अधिकृत संकेतस्थळावर वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत.

आणि सर्वांत महत्त्वाचे: १५ गुण मिळतात म्हणून राज्य निवडू नका. तिथे आपल्या कामाच्या जागा किती निघतात, घरभाडे काय आहे, पतीला किंवा पत्नीला काम मिळेल का, हिवाळा सोसवेल का, याची चौकशी दोघांनी बसून करा. त्या गावात पाच वर्षे आनंदाने काढता येतील असे वाटले तरच अर्ज भरा. राज्य तुमच्याकडे शब्द मागते आहे. पाळता येईल तेवढाच द्या.